मेकॅनिकलला जाताय? आधी ड्रॉइंग वाचायला शिका

मुलाखतीला आलेल्या पोरांसमोर मी एक ए-थ्री कागद सरकवतो. साध्या बुशचं, म्हणजे आत पिन बसणाऱ्या पोकळ नळीसारख्या भागाचं, ड्रॉइंग असतं. मधल्या भोकावर माप लिहिलेलं असतं, २५ एच ७. मी विचारतो, "हे भोक २५.०१५ आलं, तर पीस पास की रिजेक्ट?" समोरच्याचा सीजीपीए साडेआठ असतो, फाइलला तीन सॉफ्टवेअरची सर्टिफिकेटं लावलेली असतात, आणि बहुतेक वेळा तो कागदाकडे नुसता बघत बसतो. उत्तर आहे पास. २५ मिलिमीटरला एच ७ म्हणजे २५.००० पासून २५.०२१ पर्यंत काहीही चालतं.

मी सोळा वर्षं भोसरी-चाकण पट्ट्यात काढली. आधी क्वालिटीत, मग डिझाइनला. दरवर्षी जून उजाडला की नात्यातल्या, सोसायटीतल्या कोणाचा तरी फोन येतो, "काका, मेकॅनिकल घेऊ का?" तेच तेच फोनवर सांगून कंटाळलो, म्हणून एकदा सगळं क्रमाने लिहून काढतोय.

पायरी १: घ्यायचं की नाही

"मेकॅनिकलला आता स्कोप नाही" हे वाक्य मी कॉलेजात असल्यापासून ऐकतोय. खरी गोष्ट अशी की सगळ्यांचा ओढा कॉम्प्युटरकडे आहे, त्यामुळे मेकॅनिकलचा कटऑफ खाली येतो. याचा सरळ फायदा म्हणजे ज्या पर्सेंटाइलला कॉम्प्युटरसाठी आडबाजूचं कॉलेज मिळतं, त्याच पर्सेंटाइलला मेकॅनिकलसाठी बऱ्यापैकी जुनं, वर्कशॉप असलेलं कॉलेज मिळू शकतं.

पण फक्त कटऑफ परवडतो म्हणून येऊ नका. लहानपणी सायकल खोलायला आवडायचं एवढंही पुरत नाही. चार वर्षांतला मोठा भाग गणिताचा आहे. बारावीच्या फिजिक्समध्ये बल, टॉर्क, उष्णता हे धडे वाचताना मजा आली असेल, आणि गणित बघून पोटात गोळा येत नसेल, तर या. मुलींनी तर बिनदिक्कत यावं. वर्गात संख्या कमी असते हे खरं, पण कारखान्यात डिझाइन, क्वालिटी, असेंब्ली लाइन सगळीकडे बायका काम करताना मी रोज बघतो.

ड्रॉइंगचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो. उद्योजक लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईला चित्रकला शिकायला गेले होते. रंग नीट ओळखता येत नाहीत हे कळल्यावर ते यांत्रिक ड्रॉइंगकडे वळले आणि पुढे व्हीजेटीआयमध्ये तेच शिकवू लागले. बेळगावचं सायकलचं दुकान, लोखंडी नांगर आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी, हे सगळं त्यानंतरचं.

पायरी २: सीईटी, कॅप आणि कागदपत्रं

एमएचटी-सीईटीच्या पीसीएम गटात गणिताचे ५० प्रश्न २ गुणांचे असतात, फिजिक्स आणि केमिस्ट्रीचे ५०-५० प्रश्न एकेका गुणाचे. एकूण २००. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. साधारण वीस टक्के प्रश्न अकरावीवर, बाकी बारावीवर. हिशेब उघड आहे, अर्धे गुण एकट्या गणितात आहेत.

निकालानंतर कॅपची (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेची) नोंदणी आणि मग ऑप्शन फॉर्म. सीईटी सेल मागच्या वर्षीचे कटऑफ प्रसिद्ध करतो, ते उघडलं की पालकांना घाम फुटतो, कारण सगळे कोडच कोड. ते सोपे आहेत. 'जीओपनएच' घ्या. पहिलं अक्षर जी म्हणजे सर्वसाधारण, त्या जागी एल असेल तर मुलींसाठीची जागा. मधला ओपन म्हणजे प्रवर्ग. शेवटचं एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी, ओ म्हणजे बाहेरच्या विद्यापीठ क्षेत्रातले, एस म्हणजे राज्यपातळी. तुम्ही नाशिकचे असाल आणि पुण्यातलं कॉलेज बघत असाल, तर दोन्ही सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या क्षेत्रात येतात, म्हणून एच वाचा. कोल्हापूरच्या मुलाला त्याच कॉलेजसाठी ओ वाचावं लागेल.

ऑप्शन भरताना आवडीच्या क्रमानेच भरा. "हे मिळणार नाही, म्हणून खाली टाकू" ही सगळ्यात महागात पडणारी हुशारी. आणि कितव्या फेरीत कितव्या क्रमांकाची जागा आपोआप पक्की होते, हे त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत बघा. शेजारच्या दादाच्या वेळचा नियम आता नसेल.

कागदपत्रांवर एकच सांगणं. जातपडताळणी लागणार असेल तर अकरावीतच अर्ज टाका. प्रवेशाच्या आठवड्यात तहसील आणि सेतूच्या रांगेत रडकुंडीला आलेले पालक मी पाहिलेत. उत्पन्नाचा दाखलाही हाताशी ठेवा, कारण शुल्कसवलती त्यावरच आहेत. वार्षिक ८ लाखांच्या आत उत्पन्न असेल तर टीएफडब्ल्यूएस जागांवर शिकवणी शुल्क माफ होतं, राजर्षी शाहू महाराज योजनेत निम्मं मिळतं. ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना २०२४-२५ पासून याच उत्पन्नमर्यादेत पूर्ण शुल्कमाफी आहे.

दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षात येण्याची वाटही आहे. माझ्या अनुभवात डिप्लोमावाल्यांचा हात ड्रॉइंगवर आणि मशीनवर आधीच बसलेला असतो, गणितात मात्र पहिली सहामाही त्यांना जड जाते.

पायरी ३: कॉलेज बघायला गेल्यावर

नावाजलेली कॉलेजं सगळ्यांना ठाऊक असतात. पुण्याचं सीओईपी १८५४ पासूनचं, माटुंग्याचं व्हीजेटीआय १८८७ चं, सांगलीचं वालचंद १९४७ चं. गोव्यात फर्मागुढीचं सरकारी कॉलेज आहे. यांत नंबर लागला तर प्रश्नच मिटला. खरा प्रश्न त्याखालच्या यादीचा असतो.

तिथे रिसेप्शनमधल्या ट्रॉफ्या आणि प्लेसमेंटचे फ्लेक्स बघू नका. सरळ वर्कशॉप दाखवा म्हणा. लेथच्या खालच्या ट्रेमध्ये वाकून बघा. ताज्या चिप्स, कूलंटचा वास, तेलकट चिंध्या दिसल्या तर मशीन चालतंय. मशीन नव्यासारखं चकचकीत आणि ट्रे स्वच्छ, तर ते फक्त तपासणी समितीला दाखवायला आहे. मग कँटीनमध्ये जाऊन थर्ड इयरच्या मुलांना विचारा, "थर्मोला कोण शिकवतं? प्रॅक्टिकल होतात की जर्नल एकमेकांचं उतरवता?" पाच मिनिटांत सगळं कळतं. विभागाला एनबीएची (अभ्यासक्रमाचा दर्जा तपासणाऱ्या संस्थेची) मान्यता आहे का, हेही बघा. आणि जवळ एमआयडीसी आहे का? पुण्याभोवती चाकण, रांजणगाव, तळेगाव, नाशिकला सातपूर-अंबड, छत्रपती संभाजीनगरला वाळूज-शेंद्रा, कोल्हापूरला शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्या. इंटर्नशिप मागायला सायकलवर जाता आलं पाहिजे, इतकं ते जवळ असेल तर उत्तम.

पायरी ४: पहिलं वर्ष

पहिल्या वर्षी मेकॅनिकल फारसं नसतं. एम-वन, एम-टू (गणिताचे दोन पेपर), फिजिक्स, केमिस्ट्री, थोडं प्रोग्रॅमिंग, थोडं इलेक्ट्रिकल. पोरं वैतागतात. दोन गोष्टी मात्र मन लावून करा.

पहिली, इंजिनिअरिंग ड्रॉइंग. एका वस्तूचा पुढचा, वरचा आणि बाजूचा देखावा बघून ती वस्तू डोक्यात उभी राहिली पाहिजे. नाही राहिली तर साबणाची वडी किंवा बटाटा घ्या आणि चाकूने ती वस्तू कापा. हसू नका, मला हे माझ्या वर्कशॉपच्या सरांनी शिकवलं आणि मी अजून नव्या ट्रेनीला हेच सांगतो.

दुसरी, वर्कशॉपचा फिटिंगचा जॉब. माइल्ड स्टीलचे दोन तुकडे कानशीने घासून एकात एक बसवायचे असतात. हाताला फोड येतात, आणि बरेच जण बाहेरून तयार जॉब विकत आणून सबमिशनला लावतात. तसं करू नका. उजेडासमोर धरल्यावर फटीतून प्रकाश दिसतो, मग पुन्हा घासायचं, मग कोपराच जास्त जातो. अर्धा मिलिमीटर केवढा मोठा असतो, हे त्या दिवशी कळतं.

एम-वन, एम-टूच्या केट्या (नापास राहिलेले विषय) अंगावर घेऊन दुसऱ्या वर्षात जाऊ नका. केटी वाईट नाही, पण ती दुसऱ्या वर्षाचा वेळ खाते, आणि खरं मेकॅनिकल तिथेच सुरू होतं.

पायरी ५: दुसरं आणि तिसरं वर्ष

या दोन वर्षांत तुम्ही पुढे काय होणार ते ठरतं. थर्मोडायनॅमिक्स, एसओएम (स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्स), फ्लुइड, मॅन्युफॅक्चरिंग, थिअरी ऑफ मशिन्स, हीट ट्रान्सफर, मशीन डिझाइन, मेट्रोलॉजी (मोजमापाचं शास्त्र). नावं मोठी आहेत, पण यातले बहुतेक विषय चारच प्रश्नांची उत्तरं देतात. हा भाग तुटेल का? तो कसा हलेल? तापला तर उष्णता कुठे जाईल? आणि तो बनवायचा कसा?

एसओएम हा पाया. वाकणाऱ्या पट्टीत ताण कुठे आणि दाब कुठे, हे कळल्याशिवाय मशीन डिझाइन म्हणजे डेटाबुकमधून आकडे उतरवणं होतं. विद्यापीठाच्या परीक्षेत ते चालून जातं. मुलाखतीत मी खुर्चीच्या पायाकडे बोट दाखवून विचारतो, "हा मोडला तर कुठून मोडेल?" तिथे डेटाबुक नसतं.

आता तो २५ एच ७ चा बुश परत घेऊ. त्यात बसणाऱ्या पिनवर २५ जी ६ लिहिलेलं असतं, म्हणजे पिन २४.९८० ते २४.९९३ च्या दरम्यान. सगळ्यात लहान भोक आणि सगळ्यात जाड पिन एकत्र आली तरी मध्ये ७ मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जागा राहते. मोठं भोक आणि बारीक पिन आली तर ४१ मायक्रॉन. केस साधारण ७० मायक्रॉनचा धरला, तर सगळा खेळ एका केसाच्या आत. पिन सरकली पाहिजे पण खडखडली नाही पाहिजे, हे डिझाइनरने त्या दोन अक्षरांत आणि दोन आकड्यांत सांगून टाकलेलं असतं. मेट्रोलॉजीचा हा धडा पोरं 'थिअरी आहे' म्हणून ऑप्शनला टाकतात.

मी स्वतः यात तोंड पोळून घेतलंय. ट्रेनी असताना अशाच पिनांचा लॉट तपासायला माझ्याकडे आला. डिजिटल मायक्रोमीटर उचलला आणि सुरू झालो. शून्यावर आणून बघायचं राहिलं. तो १२ मायक्रॉन जास्त दाखवत होता. स्क्रीनवर २४.९८६ दिसत होतं, पिन होती २४.९७४. चारशे पिना हिरवा टॅग लावून गेल्या. तिसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाच्या लाइनवरून फोन आला, पिना खुळखुळतायत. दोन रात्री मी त्यांच्या स्टोअरमध्ये बसून एकेक पिन पुन्हा मोजली. माझे साहेब ओरडले नाहीत, फक्त रात्री अकराला वडापाव आणि चहा पाठवला. त्याची लाज जास्त वाटली. तेव्हापासून कुठलंही मोजायचं साधन हातात घेतलं की आधी शून्य बघतो.

सॉफ्टवेअरचं काय? एकच कॅड (कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढायचं सॉफ्टवेअर) नीट शिका. कॅटिया, एनएक्स, क्रिओ, सॉलिडवर्क्स यांतलं जे कॉलेजच्या लॅबमध्ये आहे ते. एक पक्कं आलं की दुसरं पकडायला महिना पुरतो. क्लासवाले पाच सॉफ्टवेअरचं पॅकेज गळ्यात मारतात, त्यात पैसे घालू नका. त्यापेक्षा जीडी अँड टी, म्हणजे ड्रॉइंगवर आकार आणि जागेची सूट लिहायची चिन्हं, शिका आणि एक्सेल पक्कं करा. अॅनालिसिसची आवड असेल तर अँसिस आणि जोडीला थोडं पायथन. कॉलेज मायनर (जोडविषय) देत असेल, तर रोबोटिक्स किंवा डेटाचा विषय जोडून घ्यायला हरकत नाही.

"इलेक्ट्रिक गाड्या आल्या, आता इंजिनवाल्यांचं काय?" हा प्रश्न हमखास येतो. इंजिन जाईल तिथे पिस्टन आणि व्हॉल्व्हचं काम जाईल, हे खरंच आहे. पण बॅटरी थंड ठेवणं हा निव्वळ हीट ट्रान्सफरचा प्रश्न आहे. गिअर, सस्पेन्शन, ब्रेक, चासी कुठेही जात नाहीत. उलट इंजिनचा आवाज गेल्यामुळे बाकीचे बारीक आवाज ऐकू येतात, आणि ते शोधून मारणाऱ्या माणसांना काम वाढलंय.

पायरी ६: हात काळे करण्याच्या जागा

बाहा एसएई या विद्यार्थ्यांच्या गाडी बांधायच्या स्पर्धेची टीम कॉलेजात असेल तर शिरा. सगळ्यांकडे सारखंच छोटं इंजिन, बाकी गाडी तुम्ही बांधायची आणि शेवटी चार तासांच्या एंड्युरन्स शर्यतीत ती टिकवायची. ज्या टीमची गाडी पहिल्या तासात मोडते, ती पोरं मला जास्त आवडतात, पण एका अटीवर. का मोडली ते त्यांना सांगता आलं पाहिजे. नुसतं टीशर्ट घालून फोटोत उभं राहिलेलं दुसऱ्या प्रश्नालाच उघडं पडतं.

इंटर्नशिप मोठ्या कंपनीतच हवी असा हट्ट नको. मोठ्या ठिकाणी महिनाभर सेफ्टी ट्रेनिंग आणि प्रेझेंटेशन होतं. भोसरीतल्या पंधरा माणसांच्या मशीनशॉपमध्ये मालक पहिल्या दिवशी व्हर्नियर हातात देतो. रोजची डायरी लिहा. कोणतं मशीन, कोणता जॉब, किती वेळ, काय बिघडलं. मुलाखतीत हीच डायरी कामाला येते.

पायरी ७: पुढचे रस्ते

प्रॉडक्शनमध्ये जाल तर शिफ्ट, टार्गेट आणि माणसं सांभाळणं. सुरुवातीचा पगार बेताचा, पण तीन-चार वर्षांत कारखाना समजतो. क्वालिटीत गिऱ्हाइकाच्या शिव्या खाव्या लागतात, आणि बिघाडाचं मूळ शोधायची सवय लागते. मेंटेनन्सवाला रात्री तीनला उठून जातो. त्याला कोणी विचारत नाही, फक्त लाइन बंद पडली की त्याच्याशिवाय कोणाचं पान हलत नाही. डिझाइन आणि सीएई (कॉम्प्युटरवर भागाची ताकद तपासणं) एसीमध्ये असतं, म्हणून सगळ्यांना तेच हवं असतं. माझं मत विचाराल तर आधी वर्ष-दोन वर्षं शॉपफ्लोअरवर काढा. ज्याने कधी वेल्डिंग गन धरली नाही तो असा जॉइंट काढतो, की तिथे गन पोचतच नाही. सेल्स आणि सर्व्हिसला पोरं नाक मुरडतात, पण बोलका स्वभाव असेल तर पंप, बेअरिंग, काँप्रेसर विकणारा इंजिनिअर बऱ्याचदा डिझाइनवाल्यापेक्षा जास्त कमावतो.

कॅम्पसला आयटी कंपन्याही मेकॅनिकलची पोरं उचलतात. जायचं असेल तर जा, त्यात कमीपणा नाही. फक्त तिसऱ्या वर्षाच्या शेवटी ठरवा. दोन्ही दगडांवर पाय ठेवणारा चौथ्या वर्षात धड कोडिंग टेस्ट पास होत नाही, धड एसओएमचे प्रश्न सोडवू शकत नाही.

सरकारी वाट हवी असेल तर गेट ही परीक्षा. ६५ प्रश्न, १०० गुण, ३ तास. तिसऱ्या वर्षापासून देता येते आणि स्कोअर तीन वर्षं चालतो. त्यावर अनेक सरकारी कंपन्या भरती करतात आणि आयआयटी-एनआयटीत एमटेकला प्रवेश मिळतो, महिना १२,४०० रुपये विद्यावेतनासह. यूपीएससीची इंजिनिअरिंग सर्व्हिसेस परीक्षा वेगळी. आणि आपल्याकडे फारसं न बोललं जाणारं पद म्हणजे आरटीओतला सहायक मोटार वाहन निरीक्षक. एमपीएससीतून भरतात आणि मेकॅनिकल-ऑटोमोबाइलवाल्यांसाठीच असतं.

परदेशात मास्टर्स करणाऱ्या मेकॅनिकलच्या मराठी पोरांचा ओढा जर्मनीकडे. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्क नाही, पण सरसकट नाही असं धरू नका. बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला १,५०० युरो द्यावे लागतात, आणि म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीनेही शुल्क सुरू केलंय. वर्षभराच्या राहण्याखाण्याचे बारा हजारांच्या आसपास युरो ब्लॉक्ड अकाउंटमध्ये आधी दाखवावे लागतात, शिवाय एपीएस, म्हणजे तुमची शिक्षणाची कागदपत्रं तपासल्याचं सर्टिफिकेट. कोर्स इंग्रजीत असला तरी नोकरी जर्मनमध्येच मिळते, त्यामुळे मॅक्सम्युलर भवनचा क्लास तिसऱ्या वर्षातच लावा.

पायरी ८: ऑफर लेटर आणि पहिला दिवस

ऑफर लेटर आलं की आधी सीटीसी, म्हणजे कंपनीला तुमच्यावर येणारा वर्षाचा एकूण खर्च, बाजूला ठेवा आणि हातात किती पडणार ते विचारा. सीटीसीत कंपनीच्या वाट्याचा पीएफ, ग्रॅच्युइटी, कधी बस आणि कँटीनही धरलेलं असतं. पद नीट वाचा. ग्रॅज्युएट इंजिनिअर ट्रेनी आणि ग्रॅज्युएट अप्रेंटिस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अप्रेंटिसशिप एका वर्षाची, विद्यावेतनावर, आणि नंतर कायम करतीलच असं नाही. बाँड असेल तर किती वर्षं आणि किती रक्कम, ते सही करण्याआधी घरात मोठ्यांना वाचायला द्या. मूळ मार्कशीट ठेवून घेणारी कंपनी असेल तर मी जाऊ नका म्हणेन.

पहिल्या दिवशी खिशात सहा इंची स्टीलपट्टी आणि छोटी डायरी ठेवा. अंगठी, कडं, गळ्यातली साखळी घरी. मशीनवर पंचवीस वर्षं काढलेला एखादा आयटीआयवाला ऑपरेटर असतोच. त्याला नावाने हाक मारू नका, काका म्हणा, मामा म्हणा. दहाच्या चहाला त्याच्याशेजारी उभे राहा. ड्रॉइंग पुढे करा आणि विचारा, "मामा, यातलं कुठलं माप सगळ्यात जास्त त्रास देतं?" तो ग्लास खाली ठेवेल, खिशातून चष्मा काढेल आणि कागदावर तेलकट बोट टेकवेल. ते माप डायरीत लिहून घ्या.